रोलर ओढणारा गोलंदाज

आमच्या गागोदे बुद्रुकला येणाऱ्या पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. विनोबांचे घर कोठे, एवढेच त्याला हवे असते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म आमच्या गावी झाला आणि पेण तालुक्यातले हे डोंगराच्या कुशीतले लहानसे खेडे नकाशावर आले. भातकापणी उरकली की आम्ही मुले मोकळ्या खाचरात क्रिकेट मांडतो. पाहुण्याने विचारले की हातातली बॅट उचलायची, रस्ता दाखवायचा आणि पुन्हा खेळाला लागायचे, हा आमचा नेहमीचा क्रम. थोर माणूस म्हणजे ज्याचे घर दाखवता येते तो, अशी माझी बालपणापासूनची समजूत होती.

ती समजूत मोडली ती आमच्या इतिहासाच्या तासाला. विषय होता पुणे करार. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना २४ सप्टेंबर १९३२ रोजी जो करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्यांची नावे सर वाचून दाखवीत होते. डॉ. आंबेडकर, पं. मालवीय, राजगोपालाचारी ही नावे ओळखीची होती. मध्येच पी. बाळू असे एक नाव आले. मला वाटले, असतील कोणी पुढारी. सर थांबले आणि म्हणाले की हे पुढारी नंतरचे, आधी गोलंदाज. वर्गात हशा पिकला. मी मात्र हसू शकलो नाही. क्रिकेटचे इतके वेड असलेल्या मला हिंदुस्थानचा पहिला मोठा गोलंदाज कोण हे ठाऊक नसावे, ह्याची लाज वाटली. त्या दिवसापासून ग्रंथालयात जे मिळेल ते वाचीत गेलो. त्या वाचनातून उभे राहिलेले हे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहे.

पालवणकर बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. आडनाव मात्र आपल्या कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. घराणे चर्मकार समाजाचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानले गेलेले. वडिलांची नोकरी पुण्यास लष्कराच्या आश्रयाची. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि जुने चेंडू हीच ह्या घरातल्या मुलांची खेळणी. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे चार भाऊ, आणि चौघेही पुढे नावाजलेले क्रिकेटपटू झाले. एका घरातून चार क्रिकेटपटू निघाल्याची उदाहरणे जगात फार नाहीत. आणि ज्या घराला सार्वजनिक पाणवठाही मोकळा नव्हता अशा घरातून निघाल्याचे तर दुसरे मला सापडले नाही.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा आणि कधीमधी सभासदांना चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. त्यानंतर युरोपियनांच्या पूना जिमखान्यात एका रुपयाची बढती मिळून ते चार रुपयांवर लागले. तेथेही काम तेच: जाळी उभारणे, रोलर ओढणे, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारणे. एका सभासदाने सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले आणि ह्या पोऱ्याच्या डाव्या हातात काय आहे हे साहेबलोकांना कळून चुकले.

त्या जिमखान्यात ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता. पश्चिम हिंदुस्थानातल्या युरोपियनांमध्ये त्याच्या तोडीचा फलंदाज नव्हता. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंकडून गोलंदाजी करवून घेई. ज्या चेंडूवर आपण बाद होऊ त्या प्रत्येक चेंडूमागे आठ आणे द्यायचे, असा त्याने नेम केला होता अशी आख्यायिका आहे. हिशेब करून पाहा. साहेबाला आठ वेळा बाद केले की रोलर ओढण्याचा महिन्याचा पगार सुटला! आख्यायिका खरी असो वा नसो, त्या तासातासांच्या सरावातून बाळूंचा हात तयार झाला हे मात्र निर्विवाद. डावखुरी मंदगती गोलंदाजी, टप्प्यावर विलक्षण ताबा, चेंडू दोन्हीकडे वळवण्याची किमया, आणि दिवसभर न थकता टाकत राहण्याची चिकाटी. पुढे इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना होऊ लागली. गंमत अशी की, त्या जिमखान्यात वर्षानुवर्षे घाम गाळूनही फलंदाजी करण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फटके मारणे हे मालकाचे. फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव होते आणि गोल वाचवणारा मागे राहतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाचे तसेच. मग तो गोलंदाज बाळूंसारखा असेल तर विचारायलाच नको.

पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना युरोपियनांवर मात करण्याची ईर्ष्या होती आणि बाळूंवाचून ती पुरी होणे शक्य नव्हते. अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही ह्यावर तेथे मोठा खल झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्वांनी त्याच चेंडूला हात लावायचा, त्याच झेलाला टाळ्या पिटायच्या. पण चहाची सुटी झाली की बाकीचे दहाजण तंबूत कपबशीतून चहा घेत आणि बाळू बाहेर उन्हात, मातीच्या भांड्यातून. ते भांडे वापरून झाल्यावर फेकून द्यायचे. जेवणाचे पान वेगळे आणि एका बाजूला. तोंड धुवायला पाणी द्यायचे तेही त्यांच्याच जातीच्या माणसाने. म्हणजे चेंडूला विटाळ नव्हता, चहाला होता. सातारच्या युरोपियनांवर ह्या संघाने विजय मिळवला त्यात बाळूंचा वाटा सिंहाचा होता. ज्याच्याबरोबर खेळायला चालते त्याच्याबरोबर खाण्यापिण्याला का चालू नये, असे न्यायमूर्ती रानड्यांनी त्या खेळाडूंना बजावल्याचे नमूद आहे. उपदेश ऐकला गेला. आचरणात यायला वेळ लागला.

१८९६ साली प्लेग आला. पुणे ओस पडू लागले आणि बाळूंचे कुटुंब मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांना घेण्यावरूनही कुरबूर झाली, पण प्रवेश मिळाला. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि तिच्या संघातूनही ते खेळले. मुंबई हे त्या काळचे क्रिकेटचे माहेरघर. पारशी आणि युरोपियन यांचे सामने आधीपासून गाजत होते. १९०६ पासून हिंदूंनी युरोपियनांना आव्हान दिले. १९०७ साली तिरंगी सामने सुरू झाले, १९१२ साली मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले आणि १९३७ साली पंचरंगी. धर्मावर संघ उभारण्याची ही पद्धत आज आपल्याला विचित्र वाटते. गांधीजींनीही १९४० साली तिला स्पष्ट विरोध केला, आणि १९४६ नंतर हे सामने कायमचे बंद पडले. पण त्या काळी मैदानाभोवती लोटणारी गर्दी पाहता हेच आपल्या देशातले सर्वांत मोठे क्रिकेट होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. काळ लक्षात घ्या. वंगभंगाला चारच महिने झाले होते, स्वदेशीची हवा तापली होती, आणि आदल्याच वर्षी आशियातल्या जपानने युरोपातल्या रशियाला हरवले होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर बाद झाले. राज्यकर्त्यांना आता २१२ धावा हव्या होत्या. बाळू आणि इराशा यांच्या माऱ्यापुढे सारा डाव १०२ वर गडगडला. हिंदू १०९ धावांनी विजयी! शिवरामही त्या संघात होता. मुंबईतल्या सुधारक मंडळींनी ह्या विजयाचा वेगळाच अर्थ लावला. पुण्यात ज्या खेळाडूला तंबूबाहेर चहा मिळे तोच आता मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीला बसतो, आणि असा संघ जिंकतो, ह्याकडे त्यांनी समाजाचे लक्ष वेधले. जी गोष्ट व्याख्यानांनी साधली नाही ती एका डावाने थोडी पुढे सरकली, असे म्हणायला हरकत नाही.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराज थोडेच सामने खेळले; त्यांना दरबारी मेजवान्याच अधिक. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. पण त्या पराभवांच्या यादीत एक नाव झळकत राहिले. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे. परकी हवा, थंड बोटे, ओल्या खेळपट्ट्या, आणि मागून झेल सोडणारे सहकारी. तरीही सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ धावांच्या आत. त्यांतले ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतले होते. सॉमरसेटविरुद्ध संघ केवळ एका गड्याने जिंकला, तो शिवरामच्या नाबाद शतकामुळे. म्हणजे त्या दौऱ्यातली थोडीफार जी अब्रू राहिली ती राखण्यात ह्या एका घराचा वाटा मोठा होता.

मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. हे स्वाभाविकच होते. त्या वेळी ह्या समाजातला असा दुसरा माणूस नव्हता की ज्याचे नाव साहेबापासून गिरणीकामगारापर्यंत सर्वांच्या तोंडी असावे. वस्तीतल्या पोरांना अभिमानाने बोट दाखवता येईल असा हा पहिला माणूस. तरुण आंबेडकरांनाही बाळूंविषयी विलक्षण अभिमान होता, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आपल्यासारखाच एक, आणि गोऱ्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच देशात नमवणारा! ह्या एका विचारात केवढे बळ असेल, ह्याची कल्पना आपण केलेली बरी.

आता प्रश्न कर्णधारपदाचा. १९१० ते १९२० ह्या दहा वर्षांत हिंदूंच्या संघात बाळूंइतका अनुभवी आणि यशस्वी खेळाडू नव्हता. तरीही दर वर्षी कर्णधार दुसराच कोणी होई. बळी घ्यायला बाळू, नाणे उडवायला दुसरा. चहाच्या भांड्याचा भेद संपला. पण आज्ञा कोणी द्यायची आणि कोणी पाळायची हा भेद अधिक चिवट होता. ज्यांना हा मान मिळाला त्या पै यांनीसुद्धा तो खरा बाळूंचा होता हे मोकळेपणाने कबूल केले, ही त्यांच्या थोरवीची साक्ष. १९२० साली गोष्ट हातघाईवर आली. बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी विठ्ठलचाही हक्क डावलला गेला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम ह्या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला आणि त्याचे कारण जाहीरपणे सांगितले. आपल्या जातीमुळे हा अन्याय होत आहे हे त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अखेर तडजोड झाली. भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि कर्णधार मैदानाबाहेर गेले असताना थोडा वेळ का होईना, त्यांनी हिंदूंच्या संघाचे नेतृत्व केले. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते.

पूर्ण कर्णधारपद घरात आले ते १९२३ साली, विठ्ठलच्या रूपाने, आणि त्याच वर्षी विठ्ठलच्या संघाने युरोपियनांना नमवून चौरंगी जिंकली. सामना संपल्यावर सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतले. विठ्ठलने पुढे १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ ह्या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. बाळूंनी मात्र काही लिहून ठेवले नाही. त्यांची अक्षरे धावफलकावरची. प्रथम दर्जाचे अवघे ३३ सामने, त्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला. तेव्हा बाळूंची खेळातून निवृत्ती होऊन बराच काळ लोटला होता. बहुधा ह्याच कारणाने कसोटीच्या आकड्यांवर वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या कानी त्यांचे नाव आले नाही.

त्याच १९३२ साली ते दुसऱ्या मैदानावर दिसतात. ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने जातीय निवाडा जाहीर करून अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. आंबेडकरांना ते हवे होते. गांधीजींनी त्याविरुद्ध प्राण पणाला लावले. बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा हे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे. तडजोडीच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला आणि राखीव १४८ जागांच्या त्या करारावर सही केली. १९३५ साली आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हाही बाळूंनी त्यांना विरोध केला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत तर काँग्रेसने मुंबईतल्या राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांनी बाळू हरले.

ह्या निवडणुकीबद्दल वाचताना मन अवघडते. ज्या माणसाचा एके काळी आपल्याला अभिमान वाटला त्याच्याविरुद्ध प्रचार करताना आंबेडकरांना काय वाटले असेल? आणि ज्या तरुणाची झेप आपल्या कितीतरी पुढे गेली त्याच्यासमोर उभे राहताना बाळूंना? एकाचा विश्वास असा की, खेळात जसे हळूहळू दार उघडले तसे समाजातही उघडेल. दुसऱ्याने ओळखले होते की, दार उघडण्याची वाट पाहत तंबूबाहेर किती पिढ्या उभे राहायचे ह्याला काही मर्यादा हवी. मला विचाराल तर इतिहासाने कौल दुसऱ्याच्या बाजूने दिला आहे. पण पहिल्याला चूक म्हणण्याचे धाडस मला होत नाही. ज्याने उन्हात उभे राहून चहा प्यायला आणि पुन्हा चेंडू हातात घेतला, त्याला आशा बाळगण्याचा अधिकार आहे. मात्र एक खरे, की आपल्या समाजाच्या मनातले पूर्वीचे स्थान बाळूंना ह्या भूमिकेमुळे गमवावे लागले. उच्चवर्णीयांनी त्यांना पुरते आपले म्हटले नाही आणि दलित चळवळीने पुढे त्यांचे नाव फारसे घेतले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आणि तरीही हे नाव पुसले गेले नाही, हे विशेष. २००२ साली इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी हिंदुस्थानी क्रिकेटच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला, त्यात बाळू आणि त्यांचे भाऊ पुन्हा ठसठशीतपणे उभे राहिले. आदल्याच वर्षी आलेल्या ‘लगान’ चित्रपटातला कचरा हा फिरकी गोलंदाज पाहून अनेकांना बाळूंची आठवण झाली होती. आज क्रिकेट आणि जात यांच्याबद्दल कोणीही लिहायला बसले की आरंभ पालवणकरांपासूनच करावा लागतो. त्यांचे घर कोणी दाखवीत नाही, पण त्यांच्यावाचून ही गोष्ट सांगता येत नाही.

येथे लेख संपवता आला असता. पण एक कबुली द्यायची राहिली आहे.

आमच्या संघात ठाकरवाडीतला एक मुलगा आहे. तोही डावखुरा. खाचरातल्या ढेकळांवर तो चेंडू असा वळवतो की आम्हा कोणालाच त्याचा अंदाज येत नाही. आजवर आम्ही जे सामने जिंकलो त्यांतले निम्मे एकट्या त्याने जिंकून दिले. कर्णधार मात्र मी. का, तर बॅट आणि स्टंप आमच्या घरचे. दोन वर्षांपूर्वी एका गावी स्पर्धेला गेलो होतो. सामन्यानंतर ओसरीवर बसून आम्ही चहा घेतला. तो अंगणात कुंपणाशी उभा होता. त्याला लाजायची सवय आहे, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. बाळूंच्या मातीच्या भांड्याबद्दल वाचले त्या रात्री ते कुंपण मला आठवले, आणि झोप आली नाही. पुण्यातल्या त्या दहाजणांवर रागावणे सोपे होते. त्यांच्यात बसलेला मी स्वतःला दिसलो, हे जड गेले.

ह्या वर्षी भातकापणीनंतरच्या पहिल्या सामन्याला मी नाणे त्याच्या हातात दिले. मोठे काही केले असे नव्हे. उशीर झालेली गोष्ट केली, इतकेच. तो आधी हसला. त्याला वाटले मी थट्टा करतो आहे. मग नाणेफेक जिंकून आला आणि एकेकाला जागा नेमून देऊ लागला. मला त्याने अगदी दूर, बांधाच्या कडेला उभे केले. तेथे चेंडू फारसा आला नाही. तेवढ्यात रस्त्याने एक पाहुणा आला आणि विनोबांचे घर विचारू लागला. हातात बॅट नव्हती. मी बोटाने रस्ता दाखवला आणि पुन्हा मैदानाकडे पाहिले. तो गोलंदाजीच्या टोकाशी उभा राहून पहिला चेंडू टाकण्याआधी सगळ्यांना मागे सरकायला सांगत होता, आणि सगळे सरकत होते.